सगोत्रात वाय 'कमजोर' होतं म्हणे!

'गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र. ते बापाकडून मुलाकडे जातं, दर पिढीत कमजोर होतं. म्हणून ऋषींनी सगोत्र लग्न वर्ज्य केलं.' लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या मजकुरातलं 'बापाकडून मुलाकडे' एवढंच बरोबर आहे.

वाय फक्त वराकडे असतं, वधूकडे दोन एक्स. तिचं गोत्र कोणतंही असो, मुलाला वाय मिळणार ते वडिलांचंच. मग गोत्र बदलून वायचं काय भलं होणार?

'कमजोर होतं' याला थोडा आधार आहे. टोकांचे लहान पट्टे सोडले तर वायची एक्सशी अदलाबदल होत नाही, त्यामुळे कोट्यवधी वर्षांत त्यातली बरीच जनुकं गेली. पण 2012 साली रीसस माकडाच्या वायशी ताडून पाहिलं, तेव्हा गेल्या अडीच कोटी वर्षांत माणसाच्या वायमधलं एकच जुनं जनुक गेलेलं निघालं. पणजोबापासून नातवापर्यंत काय झिजणार!

आनुवंशिक आजारांची खरी भीती एक्स-वाय सोडून उरलेल्या गुणसूत्रांच्या 22 जोड्यांत आहे. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचं जनुक 11व्या गुणसूत्रावर असतं. आईवडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एक प्रत असलेले) असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, कारण तिचं गोत्र वेगळं. पण आतेभाऊ-मामेबहिणीत सरासरी 12.5 टक्के डीएनए सामाईक असतो. दूरदूरच्या गावांतल्या दोन भारद्वाजांत इतका कुठून असणार? लग्न जमवताना दोघांची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) करून घ्या. एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार, तो साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेला की वाहक असण्याचा संशय घ्यायचा. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली दिसतो आणि वाहक निसटतो, म्हणून फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) पाहा.

राहिलं 'एक गोत्र, एक मूळपुरुष'. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप सांगायचं, दत्तक गेला की गोत्र बदलायचं, क्षत्रियांनी पुरोहिताचं घ्यायचं. या प्रत्येक वाटेने वेगळं वाय आत येतं. दोन घराणी खरंच एका पुरुषाची आहेत का, हे पाहायचं तर दोन्हीकडच्या पुरुषांचे किमान 37 वाय-एसटीआर मार्कर (वायवरच्या, डीएनएचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागा) तपासा, 111 असतील तर उत्तम. 12 जुळणं निव्वळ योगायोगही असतो. 'आपण दोघं आर1ए' (वायचा एक मोठा, प्राचीन वंशगट) यावरून तर सोयरसुतक लावूच नये. तो गट पोलंडपासून भारतापर्यंत पसरलाय. नमुने सख्ख्या भावांचे नकोत, घराण्यातल्या सर्वांत लांबच्या शाखांचे घ्या. मध्ये कुठे दत्तक असेल तर तेही तिथेच उघडं पडतं, त्यामुळे डीएनए चाचणीसाठी थुंकीची नळी पाठवण्याआधी घरात विचारून घ्या.