‘ताई, हिशेब वहीतला आहे’ : कोळसा, प्रोपेन आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

इथे अमेरिकेत घरामागच्या ग्रिलवर रांधायला कुठलं इंधन किती पैसे खातं, यावर मी मागे लिहिलं होतं; रोजच्या जेवणामागे कोळसा प्रोपेन गॅसपेक्षा महाग पडतो, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ती आधी जशीच्या तशी देते, म्हणजे सोयीचं तेवढंच उचललं असं कुणाला वाटायला नको:

“ताई, हिशेब वहीतला दिसतो, ग्रिलवरचा नाही. बीटीयूमागे कोळसा आणि प्रोपेन जवळपास सारखेच पडतात. शिवाय कोळसा झाकण लावून विझवला की पुन्हा वापरता येतो. उन्हाळी सेलमध्ये पिशव्या निम्म्या भावात मिळतात. पेलेट ग्रिलचं तर नावही नाही. आणि असे पैसे मोजत बसणाऱ्यांनी ग्रिलच्या वाटेला जाऊ नये, चव कशाशी खातात हे त्यांना कळत नाही.”

पहिल्या वाक्यातल्या ‘ताई’पासूनच बोलते. ताई म्हणायला हरकत नाही, पण ताई म्हणून पुढे जे वाक्य येतं ते ताईशी बोलायचं नसतं. ‘वहीतला हिशेब’ म्हणजे काय? खर्चाचा हिशेब वहीतच होतो. तो चुकला असेल तर कुठल्या ओळीत चुकला ते दाखवायचं. तुम्ही एकही ओळ दाखवलेली नाही, एकही आकडा दिलेला नाही. मी कोळशाची वैरी नाही. चुलीच्या घरात वाढले आहे, आणि आज माझ्या अंगणात केटल (झाकणाचं गोल, कोळशाचं ग्रिल) आणि तीन बर्नरचं गॅस ग्रिल दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत, दोन्ही वापरात आहेत. त्यामुळे मी फक्त कागदावर ग्रिल केलं असं कुणी सुचवलं तर ते लागतं, आणि लागलं हे मी लपवत नाही.

आता तुमचं एक वाक्य, बीटीयूचं, म्हणजे उष्णता मोजायच्या एककाचं. ते मी सोडणार नाही, कारण या विषयात सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात.

आकडे मांडते. प्रोपेनच्या एका पौंडात साधारण २१,५०० बीटीयू उष्णता असते. ब्रिकेटमध्ये, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्यांमध्ये, स्टार्च, चुनखडी मिसळलेली असल्यामुळे तिथे मी पौंडामागे ९,५०० धरते. ब्रिकेट २० पौंडांना १८ डॉलर, म्हणजे पौंडाला ९० सेंट. प्रोपेनची रिकामी टाकी देऊन भरलेली घेतली तर २२ डॉलर, आणि त्या टाकीवर २० पौंडी असं नाव असलं तरी आत बहुतेक वेळा १५ पौंडच गॅस असतो, म्हणजे पौंडाला १ डॉलर ४७ सेंट. या भावांनी १ लाख बीटीयूला कोळसा साडेनऊ डॉलरच्या आसपास आणि प्रोपेन ६ डॉलर ८० सेंट. आता तुमचा सेल घ्या. हे मान्य करते: मेमोरियल डे (मेअखेर) आणि लेबर डेच्या (सप्टेंबरच्या सुरुवातीला) सुमाराला मोठ्या दुकानांत जोडपिशव्या बऱ्याच उतरलेल्या भावात मिळतात, आणि गॅरेज कोरडं असेल तर तेव्हा वर्षाचा कोळसा भरून ठेवणं शहाणपणाचं आहे. पौंडाला ५० सेंट धरू. मग १ लाख बीटीयूला कोळसा सव्वापाच डॉलर. म्हणजे बीटीयूमागे तुमचा कोळसा माझ्या प्रोपेनपेक्षा स्वस्तच झाला. तुम्ही ‘सारखे’ म्हणालात, मी त्याहून जास्त दिलं.

आणि तरीही जेवणामागे तो महागच पडतो. का, ते आता पाहा.

चार माणसांचं जेवण धरा. पनीर टिक्का, चिकनच्या मांड्या, चार कणसं. तीन बर्नर मिळून ३०,००० बीटीयूचं गॅस ग्रिल असेल तर झाकण लावून १२ मिनिटं पूर्ण आचेवर तापवायला ६,००० बीटीयू लागतात. पुढची ३० मिनिटं निम्म्या आचेवर, त्याचे ७,५००. एकूण १३,५००. म्हणजे ०.६३ पौंड गॅस, ९२ सेंट. बटण फिरवलं की खर्च थांबला.

तेच जेवण केटलवर करायचं तर मोठी चिमणी (कोळसा पेटवायचं पत्र्याचं नळकांडं) शिगोशीग भरावी लागते, ५ पौंड ब्रिकेट. त्यात ४७,५०० बीटीयू आले, गॅसच्या साडेतीनपट. जेवणाला तेवढी उष्णता लागली नाही, तरी ती जळाली. पहिली १५-२० मिनिटं ब्रिकेट चिमणीत पेटत असतात, ती उष्णता हवेत जाते. मग अर्धा तास रांधणं. पानं वाढली, माणसं जेवायला बसली, की मागे निखारे आणखी पाऊण-एक तास धगधगत राहतात. बंब पेटवला की एकाची आंघोळ होवो नाहीतर पाच जणांची, लाकडं तेवढीच जातात. सेलच्या भावानेसुद्धा ही चिमणी अडीच डॉलरची झाली, रोजच्या भावाने साडेचारची. समोर ९२ सेंट.

कोळशाचा खर्च पेटवण्यामागे असतो, गॅसचा मिनिटामागे. माझा मूळ लेख एवढ्याच गोष्टीवर उभा होता. बीटीयूचा भाव काढून दोन्ही एका तराजूत टाकले की नेमकी हीच गोष्ट दिसेनाशी होते.

तेच ५ पौंड दुसऱ्या पद्धतीने लावा. केटलच्या कडेने ब्रिकेटची दुहेरी, दोन थरांची रांग अर्ध्याहून जास्त घेर भरेल अशी मांडा, एका टोकाला सात-आठ पेटते ब्रिकेट ठेवा, खालची झडप थोडीच उघडी ठेवा. रांग हळूहळू पुढे पेटत जाते आणि २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर साधारण सहा तास चालते. गॅसवर एकच बर्नर तासाला ६,००० बीटीयूने सहा तास चालवला तर ३६,००० बीटीयू, १.६७ पौंड, २ डॉलर ४६ सेंट. सेलचा कोळसा अडीच डॉलर. बरोबरी झाली! मटणाची अख्खी मांडी किंवा पोर्क शोल्डर करायचं असेल तर पैशासाठी गॅसकडे वळायचं काहीच कारण उरत नाही. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतं तर बरं झालं असतं.

विझवून वापरण्याबद्दल. ‘पुन्हा वापरता येतो’ हे खरंच आहे. पण किती उरतो, ते तुम्ही सांगत नाही. अर्ध्या तासाच्या रांधण्यानंतर लगेच वरची-खालची झडप घट्ट बंद केली, तर मी मूळ वजनाचा तिसरा हिस्सा हाती लागतो असं धरते. सेलच्या भावाने ८३ सेंट परत आले. अडीचातून वजा करा, १ डॉलर ६७ सेंट उरतात. अगदी निम्मा कोळसा वाचला असं तुमच्या बाजूने धरलं, तरी सव्वा डॉलर. ९२ सेंटच्या खाली तो जात नाही. आणि टाकी बदलून न घेता तीच वजनावर भरून घेतली, २० पौंडांना १८ डॉलर, तर गॅसचं तेच जेवण ५७ सेंटांत होतं.

बाकी विझवायचा तर नीट विझवा, कारण अर्धवट सल्ल्याने लोक कोळसाही घालवतात आणि कधी गॅरेजही. जेवण उतरवल्यावर ‘जरा गप्पा मारू, मग झाकू’ म्हटलं की उरायचं ते उरत नाही. झाकण नीट बसत नसेल, स्वस्त केटलला कडेने फट असेल, तर झडपा बंद करूनही निखारे आतल्या आत धुमसत राहतात आणि सकाळी राखच हाती येते. पाणी ओतून कधीही विझवू नका. वाफेने हात भाजतो, राखेचा लगदा खालच्या झडपेत बसतो, गरम केटलवरचं एनॅमल तडकू शकतं, आणि ओले ब्रिकेट फुटून भुगा होतात. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर ते चाळून राख झटका, राख राहिली तर हवा कोंडते. अर्ध्याहून लहान झालेले तुकडे जाळीतून खाली पडतात, ते टाकून द्या. चिमणीत नवे खाली, जुने वर. सगळी चिमणी जुन्यांची भरू नका, आच चढतच नाही. साठवायचे तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरापासून लांब. कागदी पिशवीत नाही आणि प्लॅस्टिकच्या बादलीत तर नाहीच, कारण राखेत झाकलेला निखारा दुसऱ्या दिवशीसुद्धा जिवंत असू शकतो. ब्रिकेटपेक्षा लाकडाचा अख्खा कोळसा विझवून पुन्हा वापरायला जास्त चांगला, आणि मातीच्या जाड कामाडो भट्टीत तर तो सर्वांत छान विझतो, कारण ती हवाबंद होते. तुमच्याकडे कामाडो असेल तर तुमचं वाक्य तुमच्यापुरतं बरंच खरं आहे. पण मग तसं लिहायचं.

गॅसवाल्यांचे पैसे मात्र वेगळ्या वाटेने जातात, आणि तुम्हाला माझ्या लेखात खोट काढायचीच होती तर याबद्दल विचारायचं होतं. टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, किंवा ग्रिलची बटणं आधीच चालू राहिली, तर नळीच्या जोडातली सुरक्षा झडप गळती समजून गॅस रोखते. ज्योत मिणमिणते, झाकणावरचा काटा २५०-३०० अंशांच्या पुढे हलत नाही. लोक म्हणतात टाकी संपली, आणि निम्मी भरलेली टाकी देऊन नवी घेऊन येतात. दहा डॉलर गेले. उपाय सोपा आहे: सगळी बटणं बंद, टाकी बंद, नळी सोडवा, मिनिटभर थांबा, पुन्हा जोडा, व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा, मग बर्नर पेटवा. आत किती गॅस आहे ते वजनावरून कळतं. टाकीच्या गळ्यावर टीडब्ल्यू अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १७ पौंडांच्या आसपास. काट्यावर ठेवा, तेवढं वजा करा, उरला तो गॅस.

आणि गॅस म्हटला की स्वस्तच, असंही मी कुठे म्हटलेलं नाही. अपार्टमेंटच्या बाल्कनीत अनेक ठिकाणी मोठी टाकी चालत नाही, तिथे लोक १ पौंडी छोटी बाटली लावतात. ती ५-६ डॉलरला मिळते. तिच्यावर वरचंच जेवण केलं तर साडेतीन डॉलरच्या आसपास जातात, म्हणजे सेलच्या कोळशापेक्षा जास्त. तिथे विजेचं ग्रिल घ्यावं. १,६०० वॅटचं ग्रिल पाऊण तास चाललं तर १.२ युनिट, १७ सेंटच्या दराने २० सेंट. कॅलिफोर्निया किंवा मॅसॅच्युसेट्ससारखा महाग दर असला तरी ४० सेंटच्या आसपास.

पेलेट ग्रिल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारं ग्रिल, हा वेगळा विषय आहे, त्याला पेलेटही लागतात आणि वीजही. या लेखात तो नव्हता, याही उत्तरात नाही.

राहिली चव. ती मी मोजली नाही, कारण लेख खर्चाचा होता. निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या रसाचा जो धूर वांग्याला आणि सुरमईला लागतो तो बर्नरवर तसा लागत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण ‘पैसे मोजणाऱ्याला चव कळत नाही’ हे तुम्ही कुणाला म्हणताय ते एकदा बघा. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये दर शनिवारी वीस-वीस माणसांना जेवायला बोलावणारी मराठी घरं आहेत. शाकाहारी मंडळींचं आधी, मग मांसाहारी, अशा दोन फेऱ्या लागतात, आणि दुसऱ्या फेरीला चिमणी पुन्हा भरावी लागते. ती माणसं पैसे मोजतात कारण त्यांना महिन्यातून एकदा नाही, दर आठवड्याला बोलवायचं असतं. त्यांना चव कळत नाही असं म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं, आणि ते वाक्य तुम्ही मागे घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांवर वाद घालायचा असेल तर या. पुढच्या वेळी चिमणी भरण्याआधी ब्रिकेटचं वजन करा. झडपा बंद केल्याची वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी राख झटकून, जाळीतून न पडणारे तुकडे तेवढे पुन्हा काट्यावर ठेवा. पिशवीची किंमत, किती माणसं जेवली, झाकण किती वेळ उघडं होतं, हेही लिहा. निम्म्याहून जास्त कोळसा उरला तर तो आकडा मी मूळ लेखात तुमच्या नावाने घालेन आणि खालचं सगळं गणित त्याप्रमाणे नव्याने मांडेन.