उरलेल्या चार कॅप्सूल: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लघवीच्या इन्फेक्शनच्या अँटिबायोटिकवर मी लिहिलं, त्यातून लोकांना उगाच भीती घालते असं तुमचं म्हणणं आहे. तुमच्या आई ६८ वर्षांच्या, त्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. वर्षातून दोन-तीनदा उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ होते. मेडिकलमधून नायट्रोफ्युरँटॉइनच्या कॅप्सूल आणल्या की दोन दिवसांत जळजळ थांबते, आणि उरलेल्या पुढच्या वेळी कामी येतात. डॉक्टरकडे गेलं की फी जाते, मी लेखात सांगितलेल्या रक्ताच्या तपासणीत आणि लघवीच्या कल्चरमध्ये (लघवीतले जंतू उगवून बघायची तपासणी) पैसे वाया जातात आणि अर्धा दिवस मोडतो. या वेळी लघवी विटकरी रंगाची झाली म्हणून घाबरून आईंनी औषध सोडलं, आणि 'हे तुमच्या लेखात कुठंच नव्हतं'. शेवटी तुम्ही विचारलंय, मेडिकलवालीनंच गोळ्या घेऊ नका म्हणायचं, हे कसं?

आधी माझी चूक. रंगाचं मी लिहायलाच हवं होतं. या औषधानं लघवी गडद पिवळी, कधी तपकिरी होते. तो औषधाचाच रंग, त्यानं काही बिघडत नाही आणि कोर्स संपला की जातो. काउंटरवर मी हे रोज सांगते आणि लिहिताना मात्र राहून गेलं. आईंना जो घोर लागला त्याबद्दल मनापासून माफी मागते. फक्त एक लक्षात ठेवा: रंगाबरोबर डोळे पिवळे दिसले, चेहरा पांढरा पडला, धाप लागली, तर ते वेगळं. तेव्हा औषध थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटू शकतात.

आता गोळ्यांचं. घेऊ नका असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. ही कॅप्सूल १९५३ पासून वापरात आहे आणि मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनवर आजही पहिल्या पसंतीची आहे. ती रक्तात फार रेंगाळत नाही, किडनीतून गाळून थेट लघवीत उतरते आणि तिथल्या जंतूंवर काम करते. तिची ताकद तीच आणि तिची मर्यादाही तीच. इन्फेक्शन वर किडनीत चढलं असेल तर ही गोळी किडनीच्या मांसात पुरेशी पोचत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं माझ्या आत्यामुळं. दुकान नवीन होतं. आत्याचा फोन आला, 'अगं, उन्हाळी लागलीया, काहीतरी दे.' मी हीच कॅप्सूल पाठवून दिली. काहीच विचारलं नाही. तिला आदल्या रात्रीपासून हुडहुडी भरून ताप होता आणि उजव्या कुशीत, बरगडीखाली, ठणकत होतं. दोन दिवस ती माझ्या भरवशावर गोळ्या गिळत राहिली. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि सलाईनवर ठेवावं लागलं. चार प्रश्न विचारले असते तर ते दोन दिवस वाया गेले नसते. म्हणून थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलटी यातलं काही असेल तर मी आता कुणालाही, ओळखीचं असो नसो, कॅप्सूल देत नाही, डॉक्टरकडे पाठवते.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला जास्त काळजी किडनीची वाटते. हे औषध लघवीत उतरायला किडनीनं नीट गाळायला हवं. किडनी मंदावली असेल तर लघवीत पुरेसं जात नाही आणि अंगात साठून पायांना मुंग्या येण्यासारखे त्रास सुरू होतात. गाळण्याचा वेग, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ४५ च्या खाली असेल तर हे औषध सहसा टाळतात, फार तर डॉक्टर बघून थोड्या दिवसांसाठी देतात. लोक क्रिएटिनिनचा (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढतं ते) आकडा बघून 'थोडंच वाढलंय' म्हणतात. पण ६८ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.४ असेल तर वेग साधारण ४१ निघतो. शुगर-बीपी असलेल्या माणसाला हे आतून जाणवतही नाही. एवढ्यासाठीच ती रक्ताची तपासणी सांगितली होती.

लघवीच्या कल्चरबद्दल मात्र तुमचं निम्मं बरोबर आहे. तरुण, धडधाकट बाईला पहिल्यांदा उन्हाळी लागली तर प्रत्येक वेळी कल्चर करायची गरज नसते. गरोदर बाई, पुरुष, शुगर असलेले, आणि आईंसारखं वारंवार होणारे, यांना करावं. पण पहिली गोळी घेण्याआधी. स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी बाटलीत धरायची. दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात बहुतेकदा जंतू उगवत नाहीत आणि पैसे खरोखर वाया जातात. याच्या उलटही सांगते: काहीच त्रास नसताना रिपोर्टमध्ये पू-पेशी दिसल्या म्हणून म्हाताऱ्या माणसाला अँटिबायोटिक सुरू करू नये. गरोदरपणात मात्र कल्चरमध्ये जंतू आले तर त्रास नसतानाही औषध देतात.

उरलेल्या कॅप्सूलवर मी हटून बसणार आहे. मागच्या उन्हाळ्यात एक आजी दुकानात आल्या. लुगड्याच्या ओच्यातून रुमालाची गाठ सोडली, आत चार कॅप्सूल. स्ट्रिप कात्रीनं कापलेली, तारखेचं टोक तुटून गेलेलं, नावातलं 'नायट्रो' एवढंच शिल्लक, आणि मधून गेलेली लाल रेघ. 'सुनंच्या हाईत, घिऊ का?' त्या सुनेला पाच दिवसांचा कोर्स होता, सकाळ-संध्याकाळ १०० मिलिग्रॅम. तिनं तीन दिवस घेतल्या, बरं वाटलं, चार ठेवल्या. पाच दिवस हा आधीच छोटा कोर्स आहे, कमीत कमी दिवसांत काम व्हावं म्हणूनच ठरवलेला. जळजळ दोन दिवसांत थांबते, पण जंतू सगळे गेलेले नसतात. आजींना त्या चारांत ना पूर्ण उपचार मिळणार होता, ना त्यांची किडनी कुणी तपासली होती. ती लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. ती न पाळण्यात पहिला दोष आमच्या काउंटरचा आहे, आजींचा किंवा तुमच्या आईंचा नाही, हे मी मान्य करते.

घेण्याची पद्धत तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते, कारण कोल्हापुरात इथंच गफलत होते. ही कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची. पोटात अन्न असलं की ती चांगली शोषली जाते आणि मळमळही कमी होते. गंगावेशच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायलं तरी हिला चालतं. पण लघवीच्याच इन्फेक्शनवर लोक मागतात त्या सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन या एका गटातल्या गोळ्यांना दूध चालत नाही. दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून बसतं आणि गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीचं अँटासिड यांचंही तेच. सिप्रो यांच्या दोन तास आधी घ्यावी, नाहीतर सहा तासांनी. शिवाय या गटानं क्वचित स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) दुखावतात, तुटतातही. म्हणूनच २०१६ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं, दुसरा पर्याय असेल तर साध्या लघवीच्या इन्फेक्शनला हा गट वापरू नका असं बजावलं. आपल्याकडे मात्र 'नॉरफ्लॉक्स द्या' म्हणत लोक अजून येतात.

आणि जळजळ शमवणारं ते सिट्रेटचं गुलाबी सिरप. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, सिरप ती आम्लता घालवतं. दोन्ही एका पिशवीत देणं मी बंद केलंय. धने-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी खुशाल प्या, पोटात पाणी जाणं चांगलंच. पण ताप असेल तर त्यावर दिवस काढू नका.

फीचं तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रोजंदारी बुडते, ते मला काउंटरवरून दिसतं. सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत दाखवता येईल. जाताना आई घेतात त्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा न कापता पिशवीत न्या, आणि वर्षात कितीदा, कोणत्या महिन्यात झालं ते कागदावर लिहून न्या. वर्षातून तीनदा होत असेल तर फक्त गोळी बदलून भागत नाही. शुगर किती आहे, लघवी पूर्ण मोकळी होते का, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आहे का, हे बघावं लागतं. त्या कोरडेपणावर लावायचं क्रीम असतं आणि त्यानं इन्फेक्शन कमी होतात. पण बायका लाजेपायी विचारत नाहीत. तुम्ही त्यांच्यासोबत आत जा आणि तुम्हीच विचारा.

या वेळचा कोर्स अर्धवट सुटलाय. उरलेल्या कॅप्सूल आता परस्पर पुन्हा सुरू करू नका. आईंना अजून जळजळ आहे का, ताप येतो का, आणि शेवटचं क्रिएटिनिन कधी केलं होतं व किती आलं, तेवढं आज कळवा. ताप असेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता आधी त्यांना दाखवून या.