खेळते ती, घाम आपल्याला

बुद्धिबळ हा शांत खेळ आहे असं म्हणणाऱ्याला एकदा मुलींच्या ज्युनिअर स्पर्धेत, हॉलबाहेरच्या पालकांमध्ये आणून बसवावं. आत शांतताच असते. धडधड सगळी बाहेर.

फोटो काढून झाले की आर्बिटर, म्हणजे पंच, आपल्याला हाकलतात. प्रत्येकीला दीड तास, शिवाय दर चालीला तीस सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोघींनी साठ-साठ चाली खेळून वेळ पुरता वापरला, की चार तास झाले! दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर जो तो ‘आम्ही नुसते अनुभवासाठी आलोय’ म्हणतो आणि हळूच समोरच्या मुलीचं रेटिंग शोधतो.

वरच्या पटांचे डाव मोबाइलवर लाइव्ह दिसतात, सोबत कोण किती वरचढ आहे याचा कॉम्प्युटरने काढलेला आकडा. घोडा अडीच घरं जातो, एवढ्या भांडवलावर एक बाबा मला सांगत होते, “प्लस नऊ आहे. तुमची सहज मारणार.” मला तेवढ्यानेच धास्ती बसली.

दाराच्या काचेतून पाहिलं. कन्येचा हात वजिरावर अधांतरी. सोंगटीला मुद्दाम हात लावला की तीच हलवावी लागते, त्यामुळे हात तसाच तरंगत होता. मग मागे गेला आणि वेणीचं टोक तोंडात गेलं. समोरचीचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण चेहरा कर्ज नामंजूर करणाऱ्या साहेबासारखा. तिच्याकडे उरला होता फक्त राजा. आमच्याकडे राजा आणि अख्खा वजीर.

वजीर हलला. बाबा किंचाळले, “स्टेलमेट!”

म्हणजे राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत. एवढी लूट करून हाती अर्धा गुण.

समजुतीचं भाषण मी मनात जुळवून ठेवलं. तर दोघी खिदळत बाहेर आल्या आणि तिथेच फरशीवर पट मांडून बसल्या. “तू हत्ती इथे आणला असतास तर?” “मग मी उंटच दिला असता!” आर्बिटरने दोनदा हटकलं.

भाषण तसंच पोटात राहिलं. तेवढ्यात तिची आई जवळ येऊन म्हणाली, “छान खेळते हं तुमची.”

नुसत्या राजावर अर्धा गुण नेणाऱ्या मुलीच्या आईने एवढा मोठेपणा दाखवावा, हे मला जरा जडच गेलं.