24 तासांत खत नव्हे, वाळवण

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑटोमॅटिक मशीन घ्या. ओला कचरा टाका, 24 तासांत खत काढा. कल्चर (खत करणाऱ्या जिवाणूंचं विरजण) आम्ही देतो. वास नाही, वीज किरकोळ, खत थेट कुंडीत.’ रोज 100 किलोच्या वर कचरा निघणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो, म्हणून कमिट्यांना हे पटतं. कोटेशनवर सही करण्याआधी एकेक दावा पाहू.

‘24 तासांत खत’
या मशीनमध्ये हीटर असतो आणि फिरती पाती. घरगुती ओल्या कचऱ्यात साधारण 75 टक्के पाणी धरा. 100 किलो टाकले, त्यातलं 72 किलो पाणी उडालं, तर 28 किलो तपकिरी भुकटी उरते. ‘कचरा 70 टक्क्यांनी घटला’ म्हणतात, तो सगळा पाण्याचा हिशेब. भात, पोळी, देठं तीच; फक्त वाळलेली आणि दळलेली. कुजण्याचं काम सुरूसुद्धा झालेलं नसतं.

‘कल्चर टाकतो ना!’
खत करणारे जिवाणू 45 ते 60 अंशांत जोमाने काम करतात आणि त्यांना निम्म्याहून जास्त ओलावा लागतो. इथे उष्णता त्याच्या पुढे जाते आणि ओलावा उडतो. मग महागडं कल्चर करणार काय?

‘थेट कुंडीत’
खरं नुकसान इथे होतं. भुकटीला पाणी लागलं की कुंडीतच कुजणं सुरू होतं: आंबूस वास, पांढरी बुरशी, चिलटं, मातीला ऊब. कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात, पानं पिवळी पडतात आणि दोष माळ्यावर येतो. शिवाय आमटी-लोणच्यातलं पाणी उडतं, मीठ राहतं. खत नियंत्रण आदेश 1985 नुसार शहरी कचऱ्याच्या खतात कर्ब-नत्र प्रमाण 20 च्या आत, सामू (pH) 6.5 ते 7.5 आणि क्षारांची वाहकता 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत हवी. हे तिन्ही आकडे असलेला रिपोर्ट मागा, आणि तो मशीनमधून काढलेल्या मालाचाच हवा.

घरच्या घरी तपासायचं तर हळीव पुरतात. एक वाटी खत दहा वाट्या पाण्यात तासभर ठेवून गाळा. एका बशीतला कापूस त्या पाण्याने भिजवा, दुसरीतला साध्या पाण्याने. दोन्हींवर 20-20 दाणे. तिसऱ्या दिवशी पहिल्या बशीत दाणे कमी रुजले किंवा मुळं आखूड राहिली, तर माल कच्चा आहे.

‘वास नाही, वीज किरकोळ’
72 लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया गेलं नाही तरी, 50 युनिटच्या आसपास वीज लागते. प्रत्यक्षात जास्तच. आणि ती वाफ कुठेतरी जाणार: फिल्टर तुंबला की बेसमेंटभर शिळ्या अन्नाचा वास.

मशीन आधीच घेतलं असेल तर भंगारात काढू नका. भुकटी हा कच्चा माल समजा. त्यात पाणी शिंपडून मूठ दाबून बघा: एखाददुसरा थेंब यावा, धार नको. आकारमानाने तेवढाच चुरलेला पालापाचोळा मिसळा. आवारात पर्जन्यवृक्ष असेल तर पाला विकत आणावा लागत नाही. जाळीच्या क्रेटमध्ये भरा, आठवड्यातून दोनदा परता. मधला भाग तापून पुन्हा गार झाला, वास मातीसारखा आला की 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. साधारण महिना-दीड महिना धरा. पावसाळ्यात क्रेट पत्र्याखाली, जमिनीपासून उचलून ठेवा, आणि भुकटीची पोती साठवू नका. हवेतली ओल धरून ती पोत्यातच बुरसते.

नवीन घेणार असाल तर जुन्या पद्धतीचं ओडब्ल्यूसी (ऑरगॅनिक वेस्ट कन्व्हर्टर) बरं. ते पंधरा मिनिटांत कचरा बारीक करून लाकडाच्या भुशात मिसळतं आणि पुढचं कुजणं क्रेटमध्ये होतं, हे लपवत नाही. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी मात्र आधीच बाजूला काढा, नाहीतर पाती जातात. क्रेटची जागा, परतायला माणूस आणि पात्यांची हमी हे तिन्ही करारात लिहून घ्या.