‘आमच्या आज्यांनी कुठे केले होते हे व्यायाम?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामावरील माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. आपल्या आज्यांची सात-आठ बाळंतपणे झाली, त्यांनी जाती ओढली, हंडे वाहिले, तरी त्यांना असल्या व्यायामाची गरज पडली नाही, हा पहिला. हे परदेशी खूळ असून योगातल्या मूलबंधाच्या रूपाने ते आपल्याकडे होतेच, हा दुसरा. आणि लेख वाचून तुम्ही तीन आठवडे नेमाने व्यायाम केलात, तर माकडहाडाजवळ दुखू लागले व शौचाला कुंथावे लागू लागले, हा तिसरा. शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथे माझी चूक आहे.

ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून (जघनास्थी) मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतात. खोकताना-शिंकताना ते आवळले जावेत आणि लघवीला किंवा शौचाला बसल्यावर सैल सुटावेत, अशी त्यांची दुहेरी जबाबदारी असते. मी ‘आवळा’ हा शब्द लेखात किती वेळा वापरला, ते आज मोजले, अकरा वेळा. ‘सैल सोडा’ फक्त एकदा. काही स्त्रियांचे हे स्नायू दुबळे नसून सतत ताठरलेले असतात, आणि त्यांनी आणखी आवळण्याचा सराव केला तर दुखणे व मलावरोध वाढू शकतो, हे मला ठाऊक असूनही लिहायचे राहून गेले. तुम्ही तीस वर्षे शाळेत शिकवलेत, आणि शिक्षकांसाठी धड स्वच्छतागृह नसल्याने सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून ठेवण्याची सवय लागली, असे तुम्हीच लिहिले आहे. अशा सवयीने स्नायू ताठरू शकतात. तुमच्या बाबतीत तसेच झाले आहे असे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. तेव्हा व्यायाम तूर्त थांबवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. या वयात नव्याने सुरू झालेला मलावरोध सगळा व्यायामाच्या माथी मारून मोकळे होणेही बरे नव्हे.

आठ वेळा आवळणे, दिवसातून तीनदा, हे प्रमाण मी मनाचे दिले नव्हते. खोकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांसाठी उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने किमान तीन महिन्यांचा, देखरेखीखालचा असा व्यायाम हाच पहिला उपाय सांगितला आहे. पण तो सुरू करण्याआधी योग्य स्नायू आवळला जातो की नाही हे तपासावे, असेही तिथेच म्हटले आहे, आणि नेमके तेच मी गाळले. कित्येक जणी आवळण्याऐवजी कुंथल्यासारखा खाली जोर देतात, काही जणी नुसते नितंब आवळतात, आणि आपले बरोबर चालले आहे असे दोघींनाही वाटते.

परदेशी खुळाबद्दल. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी हे व्यायाम १९४८ साली मांडले, तेव्हा नुसते तोंडी सांगून भागत नाही हे त्यांच्याही लक्षात आले होते. म्हणून त्यांनी योनिमार्गात ठेवायचे, हवेच्या दाबावर चालणारे एक उपकरण केले. स्नायू बरोबर आवळला गेला की त्याचा काटा हले आणि ते त्या स्त्रीला स्वतःला दिसे. मूलबंधाशी याचे साम्य आहे हे मान्य. हठयोगात टाचेने शिवण (गुद आणि जननेंद्रिय यांमधली जागा) दाबून, गुदाचे आकुंचन करून अपान, म्हणजे खाली जाणारा वायू, वर खेचायला सांगितले आहे. मात्र त्या साधनेचा हेतू वेगळा होता, आणि बाळंतिणीची निसटणारी लघवी तिथे कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

राहिल्या आज्या. माझ्या आजीची सहा बाळंतपणे झाली. तिच्या ट्रंकेत तळाशी जुन्या लुगड्याच्या हातभर घड्या रचलेल्या असत, आणि आम्हा मुलांना त्यांना हात लावायची बंदी होती. कीर्तनाला ती कायम दाराजवळच्या खांबाशी बसे. बुवांनी हसवले की आधी गुडघे जुळवून घेई आणि मग हसे. तिचे ‘अंग बाहेर येत होते’, म्हणजे गर्भाशय खाली उतरत होते, हे मी आईकडून ऐकले, तेही आजी गेल्यानंतर. तुमच्या आजीला असा त्रास नसेलही. पुष्कळ बायकांना नसतो, आणि ज्यांचे अंग किंचित उतरलेले असूनही काही जाणवत नाही त्यांना बहुधा उपचारही लागत नाहीत. परंतु कष्टकरी बायकांना हे होतच नाही, हे खरे नाही. नेपाळच्या डोंगराळ भागात बाळंतपणानंतर लगेच ओझी वाहणाऱ्या स्त्रियांत अंग बाहेर येण्याचे प्रमाण इतके आहे की, तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हा स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याच्या हक्काचा प्रश्न मानून सरकारला आदेश दिले. आपल्याकडचा सव्वा महिना शहाणपणाचाच होता. तो किती जणींच्या वाट्याला आला, एवढाच माझा प्रश्न आहे.

मूळ लेखात आज दोन बदल केले आहेत. लघवी करताना मध्येच धार थांबवून पाहण्याची सूचना काढून टाकली, कारण काही वाचक तोच रोजचा व्यायाम समजल्या होत्या आणि त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याचा धोका असतो. तिच्या जागी असे लिहिले आहे: उताणे झोपून गुडघे दुमडावेत, वायू सरू नये म्हणून आवळतो तसे श्वास न कोंडता हलके आवळावे, पोट व मांड्या सैल ठेवाव्यात, आणि जितका वेळ आवळले निदान तितकाच वेळ पूर्ण सैल सोडून मगच पुन्हा आवळावे, दुखू लागल्यास थांबावे.