थंडीपेक्षा जून महिना कठीण

‘उत्तर कॅनडातील खनिजशोधाच्या छावणीत थंडी हाच मुख्य शत्रू’ हे लेखातील विधान मला पटले नाही. यलोनाइफ या तिथल्या शहराच्या ईशान्येला सुमारे ३०० किलोमीटरवर, १९९१ साली जिथे हिरे असलेला किंबरलाइट हा ज्वालामुखीजन्य खडक सापडला त्या लाक द ग्रा सरोवराच्या परिसरात, भूवैज्ञानिक म्हणून मी दोन हंगाम काढले. थंडीची तयारी करूनच माणूस जातो. कसोटी लागते ती जूनमध्ये, जेव्हा सरोवरावरचा बर्फ स्की लावलेले विमान पेलत नाही आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानापुरते मोकळे पाणीही झालेले नसते. हेलिकॉप्टर तेवढे उरते, आणि धुके उतरले की तेही नाही. एकदा कांदे-बटाटे संपल्यावर आम्ही आठवडाभर पॅनकेक आणि डबाबंद घेवड्यावर निभावले.

काळ्या माश्यांचा तर लेखात उल्लेखच नाही. हिऱ्यांचा माग दाखवणाऱ्या गार्नेट या खनिजाच्या तपासणीसाठी एस्करवर, म्हणजे हिमनदीखालच्या प्रवाहाने मागे ठेवलेल्या वाळूच्या लांबट टेकाडावर, नमुन्याची पिशवी भरायला वाकले की त्या कानामागून रक्त काढीत. जाळी वर करून चहाचा घोट घ्यावा, तर कपात चार-पाच तरंगत. तेव्हा उणे तीस अंशांचा मार्च आठवून बरे वाटे, यावर पुण्यात कोणी विश्वास ठेवत नाही.