यूकेत "परमिट रिन्यू करत राहा, टेस्ट लागत नाही" हे कृपया कुणाला सांगू नका

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, यूकेला जाणाऱ्यांसाठी टिप्स म्हणून. इंडियन लायसन्स आणि आरटीओचं इंटरनॅशनल परमिट असलं की तिकडे टेस्ट द्यायची गरज नाही, दरवर्षी सुट्टीत घरी या, परमिट नवं करा, परत गेलात की वर्ष पहिल्यापासून सुरू. नाहीच जमलं तर वर्षाने इंडियन लायसन्स देऊन तिकडचं बदलून घ्या. आणि प्रोव्हिजनल (तिकडचं शिकाऊ लायसन्स) अजिबात काढू नका, इंडियन लायसन्स बाद होतं. मी चार वर्षं रेडिंगला राहतोय आणि ह्याच सल्ल्यावर चालणाऱ्या एका मित्राची गाडी पोलिसांनी उचलून नेलेली बघितलीय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी परमिटचं बघू. ते वेगळं लायसन्स नाहीये, तुमच्या लायसन्सवर काय आहे ते इतर भाषांत सांगणारी पुस्तिका आहे फक्त. आरटीओत फॉर्म ४अ भरला, १,००० रुपये दिले की वर्षभरासाठी मिळते. आपल्या कार्डावर सगळं इंग्रजीत असताना इथे चालवायला तशी तिची गरजच पडत नाही (गाडी भाड्याने घेताना कुणी मागितली तर तेवढ्यापुरती). तुम्ही ती दहा वेळा नवी करा, चालवायची मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

मुदतीचा घोळ का होतो ते माझ्या लक्षात आलंय. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये दोन वेगळे नियम आहेत आणि मेसेजवाल्याने ते एकात कालवलेत. आईबाबा तुमच्याकडे व्हिजिटर म्हणून आले तर त्यांचे १२ महिने शेवटच्या एन्ट्रीपासून मोजतात, म्हणजे पुढच्या वर्षी परत आले की नव्याने. पण तुम्ही नोकरीला किंवा शिकायला म्हणून इथे राहायला आलात की तुम्ही रेसिडेंट, आणि तुमचे १२ महिने राहायला लागलात त्या दिवसापासून एकदाच मोजले जातात. मधे गणपतीला तीन आठवडे घरी जाऊन आलात म्हणून घड्याळ मागे फिरत नाही. माझा मित्र असाच दिवाळीला जाऊन नवं परमिट घेऊन आला आणि बिनधास्त चालवत राहिला, चौदाव्या महिन्यात मागचा एक लाइट बंद होता म्हणून थांबवला, आणि लायसन्स बघून अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला की इथे कधीपासून राहताय.

इन्शुरन्स भरलेला आहे ना मग काय होणार, हेही त्याच मेसेजच्या खाली कुणीतरी लिहिलंय. मित्रानेही पूर्ण वर्षाचा प्रीमियम भरला होता हो! पण चालवायचा हक्कच संपलेला असेल तर पॉलिसीही उपयोगाची राहत नाही, म्हणजे विनालायसन्स आणि विनाइन्शुरन्स अशा दोन्ही केसेस लागू शकतात आणि गाडी जागेवर जप्त होते. इन्शुरन्स नसण्याचा साधा दंडच ३०० पाउंड आणि ६ पेनल्टी पॉइंट. पुढे प्रत्येक इन्शुरन्सवाला त्याबद्दल विचारतो आणि प्रीमियम वाढवतो, ते वेगळंच.

लायसन्स बदलून मिळणं, हे तर सरळ खोटं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, यूएई अशा ठरलेल्या देशांचं मिळतं बदलून, भारत त्या यादीत नाही. आपल्याला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावंच लागतं, पुण्यात पंधरा वर्षं चालवली असली तरी.

आणि "चालवता येतं त्याला टेस्ट म्हणजे फॉर्मॅलिटी" असं मानून येऊ नका. इथे टेस्ट देणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपासच पास होतात. मी पहिल्यांदा नापास झालो तो जंक्शनला, डावी-उजवीकडे नीट न बघता निघालो म्हणून, आणि नापास होण्याच्या कारणांत हे कायम अगदी वरती असतं. आपल्याकडे समोर जागा दिसली की घुसायची सवय असते, चांदणी चौकात त्याशिवाय गाडी हलतच नाही, इथे तेच सिरियस फॉल्ट, म्हणजे नापास करणारी चूक ठरू शकतं. लेन बदलताना आरसे बघायचे, राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, वळताना कुणी रस्ता ओलांडायला थांबलं असेल तर त्यालाही (हा नियम २०२२ पासून अजून स्पष्ट केलाय), हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतो. इन्स्ट्रक्टरकडे चार-पाच लेसन तरी घ्याच.

आता प्रोव्हिजनल. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण त्यामुळे लोक घाबरून थांबून राहतात आणि वर्ष हातातून जातं. प्रोव्हिजनल काढलं तरी पहिल्या १२ महिन्यांत तुम्ही इंडियन लायसन्सवर एकटे चालवू शकता, एल प्लेट लागत नाही, शेजारी कुणी बसवावं लागत नाही, मोटरवेवर जाता येतं. वर्ष संपेपर्यंत टेस्ट पास नसाल तर मात्र एल प्लेट लावायची आणि शेजारी किमान २१ वर्षांचा, तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस हवाच. प्रोव्हिजनल ऑनलाइन ३४ पाउंडात होतं, थिअरीचे २३, प्रॅक्टिकलचे वीकडेला ६२. थिअरीत ५० पैकी ४३ बरोबर हवेत, शिवाय हॅझर्ड परसेप्शनचे (रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखायचे) व्हिडिओ असतात, आणि थिअरी पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख घेताच येत नाही. तारखा २४ आठवडे पुढपर्यंतच उघडतात आणि कित्येक सेंटरला त्याही भरलेल्या असतात. म्हणून आल्या आल्या, पत्ता पक्का झाला की पहिल्याच महिन्यात अर्ज टाका. मी चौथ्या महिन्यात टाकला होता, आणि पास झालो ते अकराव्या महिन्यात, कुणाची तरी कॅन्सल झालेली तारीख मिळाली म्हणून, तेही घरापासून दीड तासावरच्या सेंटरला.